प्रतिबंधक स्थानबद्धता, भारतातील

एखाद्या व्यक्तीने केलेल्या गुन्ह्याबद्दल नव्हे, तर ती पुढे राज्याच्या सुरक्षिततेस किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेस बाधक असे कृत्य करील, ह्या आशंकेवरून तिला न्यायालयीन चौकशीविना बंदिवासात ठेवणे, म्हणजे प्रतिबंधक स्थानबद्धता होय. शिक्षेच्या स्वरूपाचा बंदिवास घडून गेलेल्या कृत्यावर व ते सिद्ध करणाऱ्या पुराव्यावर आधारलेला असतो. येथे आधार असतो तो कार्यकारी अधिकाऱ्याच्या ‘समाधाना’चा. आरोपपत्र नाही, साक्षीपुरावा नाही, उलटतपासणी नाही आणि वकिलाचा हक्कही नाही. युद्धकाळात अनेक लोकशाही राष्ट्रांनी असे अधिकार वापरले; परंतु शांततेच्या काळातही ते वापरता यावेत अशी तरतूद संविधानातील मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच करणारे भारत हे विरळा लोकशाही राष्ट्र आहे. मानवी हक्कांच्या संरक्षणाचे भारतीय राजकारण ज्या एका प्रश्नाभोवती सर्वाधिक काळ फिरत राहिले, तो हा प्रश्न आहे.

ह्या पद्धतीची मुळे ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत सापडतात. बंगालचा १८१८ चा तिसरा विनियम, मद्रासचा १८१९ चा दुसरा आणि मुंबईचा १८२७ चा पंचविसावा विनियम यांनी सरकारला राजकीय कारणासाठी कोणासही चौकशीविना अटकेत ठेवण्याचा अधिकार दिला. विनियमांचा मूळ रोख संस्थानिक, सरदार व सीमाप्रदेशातील बंडखोर यांच्यावर होता. परंतु शतकाच्या अखेरीस ते सुशिक्षित राजकीय कार्यकर्त्यांविरुद्ध वापरले जाऊ लागले. पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडवर हल्ला झाल्यानंतर जुलै महिन्यात सरकारने लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला आणि नातू बंधूंना मुंबईच्या विनियमाखाली स्थानबद्ध केले. दोन्ही कारवायांतील फरक बोलका आहे. टिळकांना शिक्षा झाली, पण तत्पूर्वी त्यांच्यावरील आरोप उघड न्यायालयात मांडला गेला, त्यांना बचाव करता आला आणि खटल्याचा वृत्तांत देशभर वाचला गेला. नातू बंधूंवर आरोपच ठेवला गेला नाही. त्यामुळे त्यांना खोडून काढण्यासारखे काही नव्हते. १८९९ मध्ये त्यांची सुटका झाली, तीही जशी अटक झाली तशीच, म्हणजे सरकारच्या मर्जीने. १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीस भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात ह्या विनियमांविरुद्ध आवाज उठविण्यात आला. पुढे लाला लजपतराय व अजितसिंग यांना १९०७ मध्ये आणि सुभाषचंद्र बोस यांना १९२४ च्या अटकेनंतर मंडालेस ठेवण्यात आले, ते बंगालच्या विनियमाच्याच आधारे.

पहिल्या महायुद्धातील भारत संरक्षण अधिनियमाचे (१९१५) अधिकार युद्धोत्तर काळातही टिकवावेत, ह्या हेतूने १९१९ च्या मार्चमध्ये रौलट कायदा संमत झाला. त्याविरुद्ध गांधीजींनी पुकारलेला सत्याग्रह आणि १३ एप्रिल १९१९ चे जालियनवाला बागेतील हत्याकांड यांचा इतिहास सर्वश्रुत आहे. हा कायदा प्रत्यक्षात जवळजवळ न वापरताच १९२२ मध्ये रद्द करण्यात आला. तथापि त्याने एक गोष्ट घडवून आणली : ‘चौकशीविना तुरुंग नको’ ही मागणी राष्ट्रीय चळवळीच्या गाभ्याशी जाऊन बसली. नेहरू अहवाल (१९२८) व कराची काँग्रेसचा मूलभूत हक्कांविषयीचा ठराव (१९३१) यांमागे हीच जाणीव होती. जवाहरलाल नेहरूंच्या पुढाकाराने १९३६ मध्ये रवींद्रनाथ टागोरांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेला नागरी स्वातंत्र्य संघ हा तिचाच संघटित आविष्कार होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यायालयांपुढेही हा प्रश्न आला. इंग्लंडमध्ये लिव्हरसिज खटल्यात (१९४१) गृहमंत्र्यास ‘वाजवी कारण’ असल्याचे वाटले म्हणजे पुरे, असे हाउस ऑफ लॉर्ड्‌सच्या बहुमताने ठरविले. लॉर्ड ॲट्‌किन यांनी त्यास एकट्याने विरोध केला आणि पुढे कालांतराने तोच विरोधी निर्णय योग्य मानला गेला. भारतात मुंबईच्या केशव तळपदे यांच्या प्रकरणी संघन्यायालयाने १९४३ मध्ये भारत संरक्षण नियमांतील सव्विसावा नियम अधिकारबाह्य ठरविला. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांचे हे धैर्य लक्षणीय म्हटले पाहिजे. सरकारने तत्काळ वटहुकूम काढून ही उणीव भरून काढली. न्यायालयाने दोष दाखवावा आणि कायदेमंडळाने किंवा शासनाने तो बुजवून अधिकार कायम ठेवावा, हा क्रम स्वातंत्र्योत्तर काळातही वारंवार दिसतो.

संविधान सभेत आरंभी ‘यथोचित विधिप्रक्रिये’विना कोणाचेही जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, अशी अमेरिकन धर्तीची तरतूद करण्याचा विचार होता. सांविधानिक सल्लागार बी. एन. राव हे १९४७ मध्ये अमेरिकेस गेले असता तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफुर्टर यांनी त्यांना ह्या शब्दप्रयोगातील धोका सांगितला. मूठभर न्यायाधीशांना लोकनियुक्त विधिमंडळाचे कायदे रद्द करण्याचा अधिकार त्यामुळे मिळतो, असे त्यांचे मत होते. मसुदा समितीने मग ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ ही शब्दयोजना स्वीकारली. क. मा. मुनशी हे जुन्या शब्दयोजनेचे पुरस्कर्ते, तर अल्लादी कृष्णस्वामी अय्यर नव्या शब्दयोजनेचे. डिसेंबर १९४८ मधील चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके सांगून निर्णय सभेवर सोपविला आणि सभेने नवी शब्दयोजना मान्य केली. तिचा अर्थ असा, की संसदेने कार्यपद्धती घालून दिली म्हणजे ती न्याय्य आहे किंवा नाही हे पाहण्याचे न्यायालयास कारण नाही.

ह्या निर्णयाविरुद्ध देशात पुष्कळ असंतोष होता व तो आंबेडकरांनाही जाणवत होता. म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी एक नवा अनुच्छेद मांडला (हाच पुढे बाविसावा अनुच्छेद झाला) आणि पूर्वी जे गमावले त्याची ही भरपाई आहे, अशा आशयाचे स्पष्टीकरण केले. सर्वसाधारण अटकेत कारणे कळण्याचा, वकिलाचा व चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाण्याचा हक्क त्यात दिला आहे. मात्र प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या बाबतीत हे हक्क लागू नाहीत. तेथे स्थानबद्धास कारणे शक्य तितक्या लवकर कळवावीत, त्यास निवेदन करण्याची संधी द्यावी आणि तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाचे झाल्यास सल्लागार मंडळाचा अभिप्राय घ्यावा, एवढेच बंधन आहे. त्यातही सार्वजनिक हितास बाधक वाटणारी तथ्ये शासनास न सांगण्याची मुभा आहे, आणि मंडळाविनाही तीन महिन्यांपलीकडे स्थानबद्ध ठेवण्याचे प्रसंग ठरविण्याची मुभा संसदेस आहे. बक्षी टेकचंद, ठाकूरदास भार्गव, ह. वि. कामत प्रभृती सदस्यांनी ह्यावर कठोर टीका केली. ह्या सभेतील कित्येक सदस्यांनी स्वतः चौकशीविना तुरुंगवास भोगलेला होता. तरीही बहुसंख्यांनी हा अधिकार राज्याकडे ठेवला, ह्यात केवळ सत्तेचा मोह पाहणे अन्यायाचे ठरेल. फाळणीची हिंसा, तेलंगणातील सशस्त्र उठाव आणि महात्मा गांधींची हत्या ह्या घटना त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. त्यांची चूक असलीच, तर ती असाधारण परिस्थितीतील उपायाला संविधानात कायमचे स्थान देण्याची होती.

संविधान अंमलात येऊन पुरता महिना लोटला नाही तोच, २५ फेब्रुवारी १९५० रोजी गृहमंत्री सरदार वल्लभभाई पटेल यांनी प्रतिबंधक स्थानबद्धता विधेयक मांडले आणि ते त्याच दिवशी संमत झाले. ते मांडण्यापूर्वी आपणांस झोप लागली नाही, असे पटेलांनी सांगितले. अधिनियमाची मुदत १ एप्रिल १९५१ पर्यंतच होती. मुदतीच्या अखेरीस तो पुन्हापुन्हा वाढविला गेला आणि अशा रीतीने ‘तात्पुरता’ कायदा १९६९ च्या अखेरपर्यंत टिकला.

त्याची पहिली सांविधानिक कसोटी ए. के. गोपालन ह्या साम्यवादी नेत्याच्या खटल्यात लागली. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे १९५० रोजी बहुमताने अधिनियम वैध ठरविला. स्थानबद्धतेची कारणे न्यायालयासही सांगण्यास मनाई करणारे चौदावे कलम तेवढे अवैध ठरले. सरन्यायाधीश ह. ज. कनिया व अन्य न्यायमूर्तींनी प्रत्येक मूलभूत हक्क स्वतंत्र व स्वयंपूर्ण मानला. बाविसाव्या अनुच्छेदाची पूर्तता झाली म्हणजे इतर हक्कांच्या कसोटीचा प्रश्न उरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. न्यायमूर्ती फझल अली यांनी मतभेद नोंदवून हे हक्क परस्परांत गुंतलेले आहेत असे प्रतिपादन केले. ह्या विचाराला न्यायालयात मान्यता मिळण्यास वीस वर्षे लागली. बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्याने (१९७०) गोपालन निर्णयाचा पाया ढासळला आणि मनेका गांधी खटल्याने (१९७८) कार्यपद्धती न्याय्य, वाजवी व मनमानीपासून मुक्त असली पाहिजे, हे प्रस्थापित केले.

मधल्या काळात न्यायालयांनी स्थानबद्धतेच्या गरजेत न शिरता तिच्या औपचारिक बंधनांचा कसोशीने आग्रह धरला. नागपूरच्या हरिकिसन नावाच्या स्थानबद्धास कारणे इंग्रजीत देण्यात आली. त्याने हिंदी भाषांतर मागितले, ते नाकारले गेले. त्यास समजणाऱ्या भाषेत कारणे न देणे म्हणजे ती न देण्यासारखेच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दिला व त्यास मुक्त केले. डॉ. राममनोहर लोहिया यांच्या खटल्यात (१९६५) न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी कायदा व सुव्यवस्था, सार्वजनिक सुव्यवस्था आणि राज्याची सुरक्षितता ही एकात एक असलेली तीन वर्तुळे कल्पिली. बाहेरच्या वर्तुळातील किरकोळ गडबडीसाठी आतल्या वर्तुळाकरिता दिलेला अधिकार वापरता येत नाही. ही उपमा पुढील असंख्य निर्णयांत आली आहे.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणानंतर आणीबाणी घोषित झाली. ती युद्ध संपल्यावरही जानेवारी १९६८ पर्यंत चालू राहिली. ह्या काळात भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात असलेले साम्यवादी कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हा विज्ञानविषयक ग्रंथ मराठीत लिहिला. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठविण्यास शासनाने परवानगी नाकारली. स्थानबद्धास हक्क नसतात, असतात त्या केवळ सवलती. आणि ग्रंथप्रकाशन सवलतींच्या यादीत नाही, असा शासनाचा युक्तिवाद होता. उच्च न्यायालयाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने (१९६५) तो फेटाळला. कायद्याने जे निर्बंध घातले तेवढेच स्थानबद्धावर असतात, त्यापलीकडचे त्याचे स्वातंत्र्य शाबूत असते, असे न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी म्हटले. अणूच्या रचनेवरील पुस्तकाने देशाच्या संरक्षणास कोणता धोका पोहोचणार होता, हे शासनास शेवटपर्यंत दाखविता आले नाही.

१९६९ मधील काँग्रेसच्या फुटीनंतर इंदिरा गांधींचे शासन अल्पमतात आले व ते ज्यांच्या पाठिंब्यावर उभे होते त्यांत स्थानबद्धतेचा सर्वाधिक अनुभव घेतलेले साम्यवादी होते. त्यामुळे १९५० चा अधिनियम संपुष्टात येऊ देण्यात आला. १९७१ च्या निवडणुकीत बहुमत मिळताच अंतर्गत सुरक्षा अधिनियम अर्थात ‘मिसा’ संमत झाला. १९७४ च्या रेल्वे संपात तो कामगार पुढाऱ्यांविरुद्ध वापरला गेला. त्याच वर्षी तस्करीस आळा घालण्यासाठी स्थानबद्धतेचा स्वतंत्र अधिनियमही झाला. ऑगस्ट १९७५ मध्ये एकोणचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मिसा नवव्या परिशिष्टात घालण्यात आला.

२५ जून १९७५ रोजी रात्री अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणीची घोषणा झाली आणि दोन दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने चौदा, एकवीस व बावीस ह्या अनुच्छेदांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित करण्यात आला. मिसात केलेल्या दुरुस्तीनुसार कारणे कळविण्याचे बंधनही उरले नाही. पुढे नेमलेल्या शहा आयोगाच्या अहवालानुसार आणीबाणीत देशात ३४,९८८ व्यक्ती मिसाखाली स्थानबद्ध झाल्या आणि ७५,८१८ जणांना भारत संरक्षण नियमांखाली अटक झाली. मिसाखालील स्थानबद्धांपैकी सुमारे साडेपाच हजार महाराष्ट्रातील होते. दिल्लीत कित्येक प्रकरणी अटक आधी झाली व कारणे मागाहून तयार करण्यात आली, असे आयोगास आढळले. आयोगाचे अध्यक्ष ज. छो. शहा हे मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले माजी सरन्यायाधीश होते.

तरीही उच्च न्यायालये गप्प राहिली नाहीत. मुंबईत नागरी स्वातंत्र्यावर विचार करण्यासाठी वकिलांनी योजिलेल्या सभेस पोलीस आयुक्तांनी मनाई केली, ती मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. बंदी-प्रत्यक्षीकरणाचे म्हणजे हेबिअस कॉर्पसचे अर्ज विचारात घेता येतात, असा निर्णय नऊ उच्च न्यायालयांनी दिला. त्यांत जबलपूर, अलाहाबाद, दिल्ली, बंगळूर येथील न्यायालयांबरोबर मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. ह्या निर्णयांविरुद्ध केलेल्या अपिलांची एकत्र सुनावणी जबलपूर अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी विरुद्ध शिवकांत शुक्ल ह्या नावाने सर्वोच्च न्यायालयात झाली. पोलिसाने बेकायदेशीरपणे कोणाचा प्राण घेतला तरीही न्यायालयात दाद नाही काय, असा प्रश्न न्यायमूर्ती हं. रा. खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना केला. आणीबाणी असेपर्यंत नाही, असेच त्यांना उत्तर द्यावे लागले. २८ एप्रिल १९७६ रोजी सरन्यायाधीश अ. ना. रे, न्यायमूर्ती बेग, यशवंत विष्णू चंद्रचूड आणि प्र. न. भगवती ह्या चौघांनी शासनाच्या बाजूने निर्णय दिला. एकट्या खन्नांनी भिन्न मत नोंदविले : जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क हे संविधानाने दिलेले दान नव्हे, कायद्याचे राज्य असलेल्या कोणत्याही समाजात तो संविधानापूर्वीही असतो, आणि म्हणून तो स्थगित झाला तरी कायद्याच्या आधाराविना कोणाचे स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले व खन्नांनी राजीनामा दिला. आणीबाणीतच उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या करण्यात आल्या होत्या.

नागरी हक्कांची भारतातील संघटित चळवळ ह्याच अनुभवातून उभी राहिली. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश वि. म. तारकुंडे यांनी जयप्रकाश नारायण यांच्यासमवेत केलेले कार्य ह्या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचे १९८० मध्ये ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ हे रूप झाले.

१९७७ च्या निवडणुकीत आणीबाणीतील बंदी सत्तेवर आले. जनता पक्षाच्या शासनाने १९७८ मध्ये मिसा रद्द केला. मात्र तत्पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेतच प्रतिबंधक स्थानबद्धतेचे प्रकरण घालण्याचे विधेयक त्याच शासनाने आणले होते आणि ओरड झाल्यावर मागे घेतले होते. चरणसिंग यांच्या शासनाने ऑक्टोबर १९७९ मध्ये काळाबाजारवाल्यांविरुद्ध स्थानबद्धतेचा वटहुकूम काढला. विरोधी बाकांवरून ज्याचा निषेध करावयाचा तेच साधन सत्तेवर येताच हाती ठेवावेसे वाटते, हा अनुभव कोणत्याही एका पक्षापुरता मर्यादित नाही.

चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (१९७८) मूलगामी सुधारणा केल्या. आणीबाणीसाठी ‘अंतर्गत अशांतता’ऐवजी ‘सशस्त्र उठाव’ हे कारण आले. विसावा व एकविसावा अनुच्छेद कोणत्याही आणीबाणीत स्थगित करता येणार नाहीत असे ठरले. तिसऱ्या कलमाने सल्लागार मंडळाविना स्थानबद्धतेची मुदत तीनऐवजी दोन महिने केली, मंडळाचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा विद्यमान न्यायाधीश असावा आणि मंडळ मुख्य न्यायाधीशाच्या शिफारशीने बनावे असे ठरविले, आणि मंडळाला वगळण्याची संसदेची मुभाही काढून घेतली. दुरुस्तीची कलमे अंमलात आणण्याची तारीख ठरविणे केंद्र शासनाकडे होते. इतर कलमे अंमलात आली. तिसरे कलम चार दशके उलटून गेल्यानंतरही अंमलात आलेले नाही. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा अधिनियमास आव्हान देणाऱ्या ए. के. रॉय खटल्यात (१९८१) शासनास तारीख ठरविण्याचा आदेश द्यावा, अशी मागणी झाली. संसदेने जो अधिकार शासनाकडे सोपविला त्यात न्यायालयास आदेश देता येत नाही, असे बहुमताने ठरले. निर्णय सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांचा होता. अशा रीतीने संसदेने दोनतृतीयांश बहुमताने केलेली व राष्ट्रपतींची संमती मिळालेली घटनादुरुस्ती केवळ अधिसूचनेअभावी कागदावर राहिली. ह्यावर एकामागून एक आलेल्या शासनांनी पाळलेले मौन पक्षभेदांहूनही अधिक टिकाऊ ठरले आहे.

आंतरराष्ट्रीय क्षेत्रातही हीच भूमिका दिसते. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १० एप्रिल १९७९ रोजी सामील झाला. परंतु मनमानी अटकेविरुद्धचा नववा अनुच्छेद आपल्या संविधानातील बाविसाव्या अनुच्छेदाशी सुसंगत राहूनच लागू होईल, असे त्याने जाहीर केले. १९९३ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला. त्यास चौकशी करता येते, पण त्याच्या शिफारशी बंधनकारक नाहीत; सशस्त्र दलांविषयीच्या तक्रारीत तो मुख्यतः केंद्र शासनाकडून अहवाल मागवू शकतो.

दरम्यान स्थानबद्धतेचे क्षेत्र राजकीय विरोधकांकडून नित्याच्या गुन्हेगारीकडे विस्तारले. महाराष्ट्राने १९८१ मध्ये झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले व औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार यांच्याविरुद्ध असा अधिनियम केला. पुढे त्यात धोकादायक व्यक्ती व वाळू तस्कर यांचीही भर पडली. अन्य राज्यांतही असे कायदे झाले. खटला चालवून शिक्षा मिळविण्यापेक्षा हा मार्ग पोलिसांस सोपा वाटतो, आणि ज्यांच्यावर तो वापरला जातो त्यांची बाजू घेण्यास कोणी राजकीय पक्ष पुढे येत नाही. नातू बंधूंसाठी अमरावतीस काँग्रेस बोलली होती. हातभट्टीवाल्यासाठी बोलणारे अधिवेशन भरत नाही.

खासगीपणाच्या हक्काविषयीच्या निर्णयात (२४ ऑगस्ट २०१७) सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा बहुमताचा निर्णय चुकीचा ठरवून रद्दबातल केला. तो लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्या बहुमतातील न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांचे चिरंजीव होत. धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश असताना त्यांच्या पीठाने मार्च २०२४ मध्ये तेलंगणातील एका प्रकरणी स्थानबद्धतेचा आदेश रद्द केला आणि सल्लागार मंडळांनी आदेशांवर नुसता शिक्का न मारता प्रत्येक प्रकरणाची खरीखुरी छाननी केली पाहिजे, असे बजावले.